शिलाई मशीन बिघडत नाही, दोऱ्याने आणि कचऱ्याने अडते

रमजानचे पहिले दहा-बारा दिवस सरले की मोहल्ल्यातले दर्जी नवीन कपडे घ्यायला नाही म्हणू लागतात. मग घरोघरी कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेल्या मशिनी बाहेर निघतात. मुलांचे कुर्ते, मुलींचे फ्रॉक, अम्मीचा सलवार-कुर्ता सगळं घरीच शिवायचं ठरतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. दोरा सारखा तुटतोय, टाका सुटतोय, कापडाच्या खाली गुंता होतोय. मिस्त्रीला फोन करावा तर त्याच्याकडे आधीच रांग लागलेली असते.

ज्यांच्या घरात मशीन हौसेची आहे त्यांचं फार तर ईदचं कापड राहून जाईल. पण मालेगाव, भिवंडी, मुंब्रा अशा ठिकाणी कित्येक बहिणी नगावर काम घेऊन घर चालवतात. त्यांची मशीन दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली. वर गिऱ्हाइकाचं कापड खराब झालं तर त्याची भरपाईही त्यांनीच करायची. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावं असं आम्हाला वाटलं. मिस्त्रीकडे जाणाऱ्या बऱ्याच मशिनींत मोडलेलं काहीच नसतं. दोरा चुकीचा असतो, सुई बोथट असते, नाहीतर शटलमध्ये कचरा साचलेला असतो.

आधी टाका कसा पडतो ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते. वर यायला लागते तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या डबीभोवतून फिरवून आणतं. असा वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतो आणि कापडाच्या मधोमध गाठ बसते. आता गंमत बघा. डबीभोवती फिरायला भरपूर लांब दोरा लागतो, पण एका टाक्यात खर्च होतो फक्त काही मिलिमीटर. उरलेला दोरा वर-खाली होणारी दांडी परत ओढून घेते. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक तुकडा कापडात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा मागे-पुढे घासला जातो. हातशिलाईत चालणारा कच्चा दोरा मशीनवर का तुटतो, याचं उत्तर इथे आहे. स्वस्त दोऱ्याचे तंतू याच घासण्यात सुटतात आणि खाली शटलमध्ये जाऊन बसतात.

दोरा कसा ओळखायचा

बाजारात सध्या सर्वात जास्त चालतो तो स्पन पॉलिएस्टरचा दोरा, रिळात आणि मोठ्या कोनमध्ये. लेबलवर एक आकडा असतो. रोजच्या कपड्यांसाठी १२० नंबरचा दोरा चालतो, जाड कापडाला ८० आणि जीन्स-बॅगसारख्या कामाला ४०. आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, हे लक्षात ठेवा. अनेक जण उलटं समजतात आणि जाडजूड दोरा आणून पातळ जॉर्जेटवर चालवतात.

विकत घेताना दुकानातच हातभर दोरा ओढून उजेडासमोर धरा. चांगला दोरा एकसारखा दिसतो. मध्येच जाड, मध्येच बारीक, बाजूने केसांसारखे तंतू उभे राहिलेले असतील तर तो कोन परत ठेवा, भले दहा रुपये कमी असोत. जाड गाठ नेढ्यात अडकणार आणि बारीक जागा तुटणार. मग एक टोक सोडून दोरा लोंबू द्या. तो स्वतःभोवती खूप गुंडाळी घेत असेल तर मशीनवरही गुंता करणार.

घरात आजीच्या डब्यात जुनी सुती रिळं असतात. ती टाकवत नाहीत, हे आम्हालाही मान्य आहे. पण ऊन आणि ओल लागून सुती दोरा कमजोर होतो. दोन हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर तो कच्ची टीप घालायला, बटण तात्पुरतं लावायला वापरा, मशीनवर नको. हातशिलाईसाठी कडक चकाकी दिलेला सुती दोराही मिळतो. तो मशीनवर कधीच लावू नये, त्याचा मेणासारखा लेप टेन्शनच्या चकत्यांमध्ये चिकटून बसतो.

सुती कुर्त्याला सुती दोरा की पॉलिएस्टर? मजबुतीचा विचार केला तर पॉलिएस्टर पुरेसा आहे. पण कपडा पुढे रंगवायचा असेल तर आधीच विचार करा. सुती कापडाचा रंग पॉलिएस्टरवर चढत नाही, त्यामुळे रंगवलेल्या कुर्त्यावर पांढरी शिलाई चमकत राहते. रेयॉनचा चमकदार दोरा भरतकामाला सुंदर दिसतो, पण ओला झाला की कमजोर पडतो. त्याने बाहीची नाहीतर सलवारीची शिवण घालू नका. पारदर्शक नायलॉनचा दोरा गरम इस्त्रीखाली वितळू शकतो, आणि त्याची टोकं अंगाला टोचतात ते वेगळंच.

जरीचा दोरा सुईत ओवला की दर चार टाक्यांनी तुटतो, ही तर जुनी डोकेदुखी. कारण वर सांगितलं तेच, नेढ्यातलं घासणं. त्यावर जुन्या कारागिरांची युक्ती अशी की जरी बॉबिनवर भरायची, सुईत त्याच रंगाचा साधा दोरा ठेवायचा आणि कापड उलटं टाकून शिवायचं. खालचा दोरा नेढ्यातून जातच नाही, त्यामुळे जरी शाबूत राहते आणि सुलट बाजूला चमकते.

आणखी एक गोष्ट कोनबद्दल. घरगुती मशीनवरची खुंटी छोट्या रिळासाठी असते. मोठा कोन वाटीत ठेवून खाली जमिनीवर सोडला की तो उड्या मारतो, दोरा धूळ घेऊन येतो आणि ताण कमी-जास्त होतो. कोनचा दोरा सरळ वरच्या दिशेने सुटायला हवा. बाजारात कोन स्टँड मिळतो. तो नसेल तर कोन मशीनच्या मागे उभा ठेवून बरोबर त्याच्या डोक्यावर जाड तारेचा हूक बांधा आणि दोरा त्यातून घेऊन मशीनवर आणा.

बुरखा, नकाब आणि पातळ कापड

आपल्याकडे सर्वात जास्त तक्रार येते ती निदा, क्रेप, शिफॉन अशा कापडांची. शिवण चुण्या घेते, इस्त्री केली तरी जात नाही. याचं कारण असं की पॉलिएस्टरचा दोरा ताणला की थोडा लांबतो. टेन्शन घट्ट ठेवून शिवलं तर तो ताणलेल्या अवस्थेत कापडात बसतो आणि नंतर आकसून कापडाला ओढतो. बॉबिन फार वेगात भरली तरी तेच होतं. तेव्हा बॉबिन सावकाश भरा, वरचं टेन्शन थोडं सैल करा, सुई ९ किंवा ११ नंबरची लावा आणि शिवताना कापड पुढून-मागून हलकं धरा. मागून ओढू मात्र नका, त्याने सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटून मोडते.

सुई आणि दोऱ्याची जोडी जमली की नाही, हे तपासायला काही खर्च नाही. वीतभर दोरा सुईत ओवा, दोन्ही टोकं धरून तिरपा ताणा. सुई आपोआप घसरत खाली आली तर जोडी बरोबर. अडकली तर सुई बारीक पडतेय. साधारणपणे सुती आणि टेरिकॉटसाठी १४, जाड पँटच्या कापडाला १६, गोधडी आणि गादीच्या खोळीला १८. पाकिटावर ७५/११, ९०/१४ असं लिहिलेलं असतं, दुसरा आकडा आपल्या ओळखीचा. जर्सीच्या हिजाबवर टाका सुटत असेल तर मशीनला दोष देऊ नका. त्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते.

सुई किती दिवस चालवायची? मोडेपर्यंत, असं उत्तर बहुतेक घरांत मिळेल. खरं तर आठ-दहा तासांच्या सलग शिलाईनंतर तिचं टोक घासलेलं असतं. शिवताना टकटक आवाज येऊ लागला, नाहीतर शिफॉनचे धागे ओढले जाऊ लागले की सुई बदला. नवी लावताना तिची लांब खाच त्या बाजूला ठेवा जिथून दोरा नेढ्यात जातो, आणि सुई पूर्ण वर सरकवूनच स्क्रू कसा. अर्धवट वर बसलेली सुई असेल तर शटलला फास सापडत नाही.

गुंता खाली, चूक वर

कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं की बहुतेक जण डबी बाहेर काढतात आणि तिच्यावरचा बारीक स्क्रू फिरवायला लागतात. इथूनच खरा बिघाड सुरू होतो. खालचा गुंता जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यामुळे असतो. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, म्हणून तो हवा तितका सुटत राहतो आणि खाली जमा होतो. उपाय एवढाच की प्रेसर फूट वर उचला, कारण तो वर असतानाच चकत्या उघडतात. सगळा दोरा काढा आणि पुन्हा पहिल्यापासून ओवा. मग फूट खाली टाकून दोरा ओढून बघा, हाताला अडथळा जाणवला पाहिजे.

एवढं करूनही टाका बरोबर नसेल तर मग डबीकडे बघा. बॉबिन भरलेली डबी दोऱ्याला लोंबकळत ठेवा. ती धडाधड खाली गेली तर सैल, अजिबात हलली नाही तर घट्ट. हाताला हलका झटका दिला की दोन-चार बोटं खाली सरकून थांबली तर ठीक. स्क्रू फिरवायचाच असेल तर पाव फेऱ्याहून कमी फिरवा. त्याआधी डबीच्या पत्तीखाली जाड कागदाची कड घालून साचलेले तंतू काढा. टाचणी किंवा सुरी घालू नका, चरा पडला की तिथे दोरा कायमचा तुटत राहतो.

तेल आणि कचरा

आता थोडं कडक बोलतो. मशीनला खोबरेल तेल घालणं बंद करा. कोकणात तर ही सवय घराघरात आहे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीच्या सकाळी मशीन जड का चालते, याचं कोडं तिथेच सुटतं. गोडं तेल आणखी वाईट. ते हवेने हळूहळू चिकट होतं आणि कचऱ्यात मिसळून डिंकासारखं घट्ट बसतं. मशीनचं पांढरं, पातळ तेल वेगळं मिळतं, छोट्या बाटलीची किंमत मिस्त्रीच्या एका फेरीपेक्षा कमी असते. मशीन आधीच जाम झालेली असेल तर तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडून ती हाताने फिरवा, काळं पाणी पुसून काढा, पुसत पुसत दोन-तीनदा करा आणि मग खरं तेल घाला. हे काम चुलीपासून लांब, खिडकी उघडून करायचं.

रोज शिवणाऱ्यांनी शटलच्या कडेला रोज एक थेंब आणि बाकीच्या भोकांत आठवड्यातून एकदा, इतकं पुरतं. त्यानंतर चिंधीवर थोडा वेळ शिवायचं, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर पडतो. मोटरमध्ये तेल घालायचं नाही. नवीन इलेक्ट्रिक मशिनींपैकी काहींना तेल लागतच नाही, तिथे सोबतची पुस्तिका बघा.

कचऱ्याचं म्हणाल तर सुईखालची पट्टी वर्षानुवर्षं न उघडलेल्या मशिनी असतात. उघडली की दातांच्या मध्ये नमद्यासारखा घट्ट थर निघतो. त्यामुळे दात पूर्ण वर येत नाहीत, कापड पुढे सरकत नाही आणि टाके लहान-मोठे पडतात. दोन स्क्रू काढून जुन्या ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेची ओल आत जाते आणि गंज धरतो. पावसाळ्यात तर मशीनवर प्लास्टिक गुंडाळू नका, सुती चादर टाका. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा सैल झाला असेल तर थोडासा कापून पुन्हा जोडता येतो. फार घट्ट केलात तर पाय दुखतील.

शेवटी एक गोष्ट मशीन देणाऱ्यांसाठी. अनेक संस्था आणि दानशूर मंडळी जकातीतून विधवा आणि गरजू बहिणींना मशीन देतात. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत दर्जीकामही आहे, त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता मिळतो. मशीन घरात येते, फोटो निघतो, आणि काही महिन्यांनी तीच मशीन पलंगाखाली जाते, कारण गुंता सोडवायला कोणी शिकवलेलं नसतं. आमची सूचना अशी की मशीनसोबत एक तेलाची बाटली, ११, १४ आणि १६ नंबरच्या सुयांची पाकिटं, ब्रश, चार-पाच जादा बॉबिन आणि दोन चांगले कोन द्या. आणि मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या दर्जीला किंवा शिवणकाम येणाऱ्या आपाला मेहनताना देऊन अर्धा दिवस बसवा. त्या अर्ध्या दिवसात मशीन मिळालेल्या प्रत्येकीने स्वतःच्या हाताने पट्टी उघडून साफ करावी, सुई बदलावी आणि दोरा ओवून दाखवावा.

इतकं सगळं तपासूनही नवी सुई, नवा दोरा आणि साफ शटल असताना टाका सुटत असेल, तर सुई आणि शटलची वेळ सरकलेली असण्याची शक्यता आहे. ते काम मात्र मिस्त्रीचंच. मशीन त्याच्याकडे नेताना नेहमीचा दोरा, सुई आणि जिथे टाका सुटतो ते कापड सोबत न्या, आणि त्याच्यासमोरच त्यावर वीतभर शिवण मारून दाखवायला सांगा.