अनुभव यंत्रात कसा उतरतो?

एका मुलाने ५०२ मधून १७८ वजा केले आणि उत्तर लिहिले ३३४. नवा शिक्षक त्यावर फुली मारील आणि शेजारी ३२४ लिहून देईल. वीस वर्षे गणित शिकवलेल्या बाई मात्र वहीकडे एकदा पाहून म्हणतील, "याने शतकातला एक घेऊन शून्याचे दहा केले. पण त्या दहातला एक एककाला दिल्यावर दहाचे नऊ करायचे राहिले." आता मुलाला काय समजावून सांगायचे हे त्यांना कळले. फुलीने ते कळले नसते.

बाईंना विचारा, हे तुम्हाला कसे समजले? "पाहून पाहून कळते," एवढेच त्या सांगतील.

प्रत्येक कामाच्या ठिकाणी अशा एखाद्या बाई किंवा एखादे काका असतात. गॅरेजमधला मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो. जुन्या रोखपालाच्या बोटांना खोटी नोट वेगळी लागते. व्यवसाय चालतो तो अशा माणसांच्या अनुभवावर, आणि ती निवृत्त झाली की अनुभवही त्यांच्याबरोबर घरी जातो. म्हणूनच संगणक आल्यापासून हा अनुभव यंत्रात उतरवून ठेवण्याची धडपड सुरू आहे. आज कचेऱ्यांत आणि कारखान्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता आल्याचे आपण ऐकतो, तिचा मोठा भाग म्हणजे ही जुनीच धडपड आहे. ती कशी बदलत गेली हे तीन उदाहरणांवरून पाहू.

सांगून शिकवलेले यंत्र

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही अमेरिकेतील संगणक बनवणारी एक मोठी कंपनी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती 'व्हॅक्स' नावाचे संगणक विकत असे. हे संगणक खोक्यातून तयार मिळत नसत. प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या गरजेप्रमाणे स्मृती, तबकड्या, छपाईयंत्रे, तारा अशा अनेक भागांची मागणी नोंदवी. त्यातला एखादा भाग राहून गेला, किंवा दोन भाग एकमेकांना जुळणारे नसले, तर ते सामान पोहोचल्यावरच ध्यानात येई. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ प्रत्येक मागणी तपासत आणि कोणता भाग कुठे बसेल याचा आराखडा करीत.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी या तंत्रज्ञांचे ज्ञान नियमांच्या रूपाने मांडायला घेतले. प्रत्येक नियमाचा साचा एकच: 'जर अशी परिस्थिती असेल, तर असे कर.' उदाहरणार्थ, जर कपाटात जागा उरली नसेल आणि भाग शिल्लक असतील, तर आणखी एक कपाट मागणीत घाल. अशा सुमारे साडेसातशे नियमांनिशी ही प्रणाली १९८० मध्ये कामाला लागली. पुढे ती 'एक्सकॉन' या नावाने प्रसिद्ध झाली. तिने हजारो मागण्या हाताळल्या आणि तिच्यामुळे दरवर्षी कोट्यवधी डॉलर वाचतात असा कंपनीचा अंदाज होता. अशा यंत्रणेला 'तज्ज्ञ प्रणाली' म्हणू लागले.

पण दोन अडचणी होत्या. कंपनी नवे भाग बाजारात आणी, आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर नियम बदलावे लागत. १९८० चे दशक संपता संपता नियमांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली होती आणि ते सांभाळणे हेच एक मोठे काम होऊन बसले होते.

दुसरी अडचण अधिक खोल होती. तज्ज्ञांना आपले सगळे नियम आधी सांगताच येत नसत. यंत्राने चुकीचा आराखडा केला की मात्र 'हे चालायचे नाही' असे ते चटकन सांगत, आणि मग कुठे राहून गेलेला नियम सापडे. आपल्या बाईंसारखेच हे झाले. भाकरीचे पीठ किती मळायचे हे आजीच्या हाताला माहीत असते, पण तिला ते मिनिटांत किंवा वाटीभर पाण्याच्या हिशेबात सांगता येत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६० च्या दशकात अशा ज्ञानाकडे विशेष लक्ष वेधले. आपण त्याला 'अबोल ज्ञान' म्हणू. नियम लिहून चालणाऱ्या यंत्राला या ज्ञानाचे दार बंद होते.

दाखवून शिकवलेले यंत्र

मग दुसरी वाट निघाली. सांगता येत नसेल तर दाखवावे.

समजा, यंत्राला हस्ताक्षरातला 'घ' आणि 'ध' ओळखायला शिकवायचे आहे. नियम सोपा वाटतो: 'ध'ची शिरोरेषा तुटलेली असते, 'घ'ची सलग असते. पण मुलांच्या वह्या आठवा. कोणी शिरोरेषा देतच नाही, कोणी ती सगळ्या शब्दावरून एकदमच ओढतो. नियम पहिल्याच पानावर मोडतो. त्याऐवजी यंत्राला हजारो 'घ' आणि हजारो 'ध' दाखवतात आणि प्रत्येकाचे खरे उत्तरही देतात. चित्राचे बारीक चौकोन करून प्रत्येक चौकोनाला एक 'वजन' दिलेले असते. सुरुवातीला ही वजने कशीही असतात, त्यामुळे यंत्राचे उत्तर चुकते. चूक झाली की वजने किंचित बदलली जातात, ती अशी की पुढच्या वेळी चूक थोडी कमी व्हावी. हे लाखो वेळा केले की यंत्र बहुतेक अक्षरे बरोबर ओळखू लागते. प्रत्यक्षात वजनांचे अनेक थर असतात, पण तत्त्व हेच. कोणीही नियम लिहिलेला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील बँकांनी धनादेशांवर हाताने लिहिलेल्या रकमा वाचायला अशी यंत्रे वापरली.

या पद्धतीत एक धोका लपलेला आहे, आणि तो अॅमेझॉन कंपनीच्या एका प्रयोगात उघडा पडला. नोकरीसाठी आलेल्या अर्जांतून चांगले उमेदवार निवडून देणारे यंत्र कंपनीने २०१४ पासून तयार करायला घेतले होते. यंत्राला दहा वर्षांत आलेले अर्ज दाखवण्यात आले. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातले बहुतेक अर्जदार पुरुष होते. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या बातमीनुसार, ज्या अर्जात 'महिला' अशा अर्थाचा शब्द येई, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार, त्या अर्जाला यंत्र कमी गुण देई. केवळ मुलींसाठी असलेल्या दोन महाविद्यालयांच्या पदवीधरांचेही गुण ते कमी करी. ते शब्द काढून पाहिले, पण यंत्र भेदभावाची दुसरी एखादी खूण शोधणार नाही याची खात्री देता येईना. शेवटी कंपनीने प्रकल्प बंद केला. उमेदवारांची निवड करणाऱ्यांनी हे यंत्र प्रत्यक्ष निवडीसाठी वापरले नव्हते, असे कंपनीने सांगितले.

यंत्र चुकले का? त्याला जे दाखवले ते ते नीटच शिकले. अनुभवात शहाणपण असते तशा खोडीही असतात. 'पाहून पाहून' शिकणारा दोन्ही उचलतो, मग तो माणूस असो की यंत्र.

शेजारी बसलेला मदतनीस

तिसरे उदाहरण ताजे आहे. २०२२ च्या अखेरीपासून लेख, पत्रे, उत्तरे लिहून देणारी संभाषण-यंत्रे सर्वांच्या हाती आली. यंत्राला प्रचंड मजकूर दाखवून 'पुढचा शब्द कोणता येईल' हे ओळखायला शिकवले जाते. पद्धत वजनांचीच, फक्त वजने अब्जावधी.

ती सर्वांच्या हाती येण्याच्या थोडे आधीच, व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने असे यंत्र आपल्या ग्राहक-साहाय्य विभागात आणले. तिथले कर्मचारी बहुतांश फिलिपाइन्समध्ये बसून अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांच्या अडचणी लेखी संभाषणातून सोडवतात. यंत्राला कंपनीची जुनी संभाषणे दाखवली होती आणि त्यात उत्तम कर्मचाऱ्यांची संभाषणे कोणती हेही सांगितले होते. ग्राहकाचा प्रश्न आला की यंत्र कर्मचाऱ्याला उत्तर सुचवी. ते घ्यायचे, बदलायचे की टाकून द्यायचे हे कर्मचारी ठरवी.

एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनियल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष प्रथम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर तासाला सुटणाऱ्या अडचणी सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. पण सरासरीच्या पोटात खरी गोष्ट होती. नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला. यंत्राच्या मदतीने दोन महिन्यांचा कर्मचारी, मदत नसलेल्या सहा महिन्यांच्या कर्मचाऱ्याइतके काम करू लागला. सर्वांत अनुभवी कर्मचाऱ्यांचा वेग मात्र थोडाच वाढला आणि त्यांच्या कामाची गुणवत्ता किंचित घसरली.

असे का? कारण यंत्र सांगत होते ते मुळात या अनुभवी लोकांचेच होते. बाईंचे कसब बाईंनाच सांगून काय उपयोग? नव्या शिक्षकाला मात्र ते पहिल्याच आठवड्यात मिळाले. कोणाला न सांगता येणारे अबोल ज्ञान अशा रीतीने एकाकडून दुसऱ्याकडे गेले. यातून या संशोधकांनीच एक प्रश्न पुढे ठेवला आहे: ज्यांच्या संभाषणांवर यंत्र शिकले, त्यांना त्याचा मोबदला मिळायला हवा की नको?

कुबडी की शिक्षक?

आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांना याहून जवळचा प्रश्न वेगळा आहे. यंत्र बाजूला काढले तर माणसाजवळ काय उरते?

वरच्या अभ्यासात याचे एक उत्तर मिळते. कधी कधी यंत्रणा अचानक बंद पडे. त्या वेळीही यंत्राबरोबर काम केलेले कर्मचारी पूर्वीपेक्षा चांगले काम करीत होते. म्हणजे ते नुसते उतरवून घेत नव्हते, शिकतही होते.

पण पोलंडमधील चार केंद्रांतला अनुभव याच्या उलट आहे. तिथे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करताना पडद्यावर संशयास्पद गाठीभोवती चौकट काढून दाखवणारे यंत्र आले. यंत्र येण्यापूर्वी, पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ निदान एक तरी सापडली अशा तपासण्यांचे प्रमाण २८.४ टक्के होते. यंत्र आल्यानंतर त्याच डॉक्टरांनी ज्या तपासण्या यंत्राविना केल्या, त्यांत हे प्रमाण २२.४ टक्के भरले. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या एका निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, इतरही कारणे असू शकतात. तरी विचार करायला लावणारी ही घट आहे, कारण हे डॉक्टर नवखे नव्हते, चांगले अनुभवी होते.

एकीकडे कौशल्य वाढले, दुसरीकडे बहुधा घटले. याचे पक्के कारण अजून कोणी दाखवलेले नाही, पण शिक्षकाच्या नजरेला एक फरक दिसतो. ग्राहक-साहाय्यातल्या कर्मचाऱ्यापुढे यंत्र पूर्ण वाक्य ठेवत होते. ते वाचून, ग्राहकाच्या प्रश्नाशी ताडून, घ्यायचे की नाही हे त्याला ठरवावे लागे. डॉक्टरांपुढे थेट चौकट येई. शोधण्याचे कामच डोळ्यांकडून काढून घेतले गेले. आधी मुलाला गणित सोडवू देणे आणि मग चूक दाखवणे वेगळे, आणि मार्गदर्शिका उघडून समोर ठेवणे वेगळे.

यात व्यवसायांचाही स्वार्थ आहे. यंत्र शिकते ते कालच्या कामावरून. उद्या नवे उत्पादन येईल, नवी तक्रार येईल, तेव्हा तिचे उदाहरण यंत्राजवळ नसेल. कोणीतरी माणूस ती पहिल्यांदा सोडवील आणि मग यंत्र ती शिकेल. एक्सकॉनला नव्या भागासाठी नवा नियम माणसाकडूनच लागत होता, तसेच हे. नवख्यांची भरती थांबवली, किंवा त्यांना स्वतः चुकण्याची संधीच दिली नाही, तर दहा वर्षांनी हा पहिला माणूस कुठून आणायचा?

म्हणून एखाद्या कामात असे यंत्र आले असे ऐकले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. ते कोणाच्या कामावरून शिकले? त्याच्या चुकीची जबाबदारी कोण घेतो? आणि नवखा माणूस यंत्राचे उत्तर पाहण्याआधी स्वतः प्रयत्न करतो का?

वर्गासाठी कृती

आठवी ते दहावीच्या वर्गात ही कृती करता येईल. मुलांच्या हस्ताक्षरातले प्रत्येकी वीस 'घ' आणि 'ध' सुट्या चिठ्ठ्यांवर गोळा करा. एका गटाला फक्त ओळखण्याचे नियम लिहायला सांगा, चिठ्ठ्या दाखवू नका. दुसऱ्या गटाला निम्म्या चिठ्ठ्या उत्तरांसह पाहू द्या, नियम लिहायला सांगू नका. मग उरलेल्या चिठ्ठ्या दोन्ही गटांपुढे ठेवा. पहिल्या गटाने आपल्या लिखित नियमांच्या बाहेर जायचे नाही. कोणाच्या किती चुका होतात ते फळ्यावर मांडा. नंतर दुसऱ्या गटाला विचारा, "तुम्हाला कसे कळले?"

त्यांना नीट सांगता येणार नाही. "पाहून कळले," असेच ते म्हणतील. तिथून पुढची चर्चा सुरू करता येईल.