बर्फावरील हॉकी व आपलीं मुलें

हॉकी म्हटली कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें मेजर ध्यानचंद, सपाट मैदान आणि वांकड्या टोकाची काठी एवढेंच चित्र उभें राहतें. त्याच नांवाचा दुसरा एक खेळ थंड देशांत बर्फावर, पोलादी पातीचे बूट घालून खेळतात, हें आम्ही ऐकून होतों. परंतु आमच्याच घरांतील एक मूल तो खेळावयास निघेल, आणि त्याच्या बुटांच्या नाड्या आंवळण्यासाठीं आम्हांस पहाटे पांच वाजतां उठावें लागेल, असें कोणी सांगितलें असतें तर आम्ही खास हंसलों असतों.

आमचे थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडांत टोरोंटोजवळ राहतात. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां तिकडे चार महिने होतों. नातू सात वर्षांचा. त्याच्या वर्गांतील पुष्कळ मुलें हा खेळ खेळत असल्यामुळें त्यानेंही हट्ट धरला, आणि घरांत दोन पक्ष पडले. चिरंजिवांचा उत्साह मुलाहूनही अधिक. सूनबाईंस दातांची व डोक्याची काळजी. आमच्या कुटुंबाचें म्हणणें, "आपल्या सात पिढ्यांत कोणी बर्फावर पाय ठेवला नाहीं, मग यालाच कशाला?" इकडून अहिल्यानगराहून धाकट्या चिरंजिवांनीं दूरध्वनीवर खर्चाची चौकशी केली. शेवटीं वडीलकीच्या नात्यानें निकाल आमच्याकडे आला. जन्मभर शिक्षकाचा धंदा केलेला. न पाहिलेल्या विषयावर मत देण्याचें धाडस होईना. "आधीं पाहूं, मग बोलूं," असें म्हणून आम्ही तेथील सार्वजनिक बर्फगृहांत जाऊन बसूं लागलों. जें पाहिलें व विचारून घेतलें तें येथें देत आहों. कारण आज पुष्कळ मराठी घरांची एखादी तरी शाखा अशा देशांत नांदते, आणि असाच प्रश्न कोणा ना कोणा आजोबांकडे येणारच.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगतों. छपराखालील बर्फावर नियमबद्ध सामना प्रथम झाला तो 3 मार्च 1875 रोजीं, कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा खेळाडू असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें मैदान 60 मीटर लांब असतें व सामना 20 मिनिटांच्या तीन भागांचा. चेंडूऐवजीं कठीण रबराची 3 इंच व्यासाची व 1 इंच जाडीची चकती असते. तिला पक म्हणतात. तिचें वजन सुमारें 6 औंस, म्हणजे 170 ग्रॅमपर्यंत. दगडासारखी ही चकती वेगानें येतांना पाहिली कीं सूनबाईंची काळजी अनाठायीं नाहीं हें तेव्हांच पटतें.

परंतु हें झालें मोठ्यांच्या खेळाचें वर्णन. आमची पहिली चूक हीच कीं, दूरचित्रवाणीवरील मोठ्यांचा खेळ पाहून आम्ही मुलांच्या खेळाचा अंदाज बांधीत होतों. अगदीं लहान मुलांना तेथें पूर्ण मैदान देत नाहींत. त्याचे आडवे भाग पाडून एका वेळीं दोन-तीन गट खेळवितात. चकतीही निराळी, निळ्या रंगाची व 4 औंसांची. पहिलीच्या मुलास मोठ्या माणसाची पाटी देऊं नये, हें जें आपण शाळेंत पाळतों, तेंच हें तत्त्व.

आतां दुखापतीविषयीं. ह्या खेळांत मोठीं माणसें प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर आदळून चकती हिरावून घेतात, व तें नियमांत बसतें. अकरा-बारा वर्षांच्या मुलांस तसें आदळूं द्यावें कीं नाहीं, ह्यावर कॅनडांत मोठा वाद झाला. आल्बर्टा प्रांतांत त्या वयास तशी मुभा होती, क्वीबेक प्रांतांत नव्हती. दोन्हीं ठिकाणच्या मुलांची तुलना करणारा अभ्यास 2010 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मुभा असलेल्या प्रांतांत सामन्यांतील दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक आढळला. पुढें 2013 सालीं तेथील राष्ट्रीय संस्थेनें, म्हणजे हॉकी कॅनडानें, त्या वयासाठीं ही मुभा काढून घेतली. तेव्हां मुलास कोठेंही घालावयाचें असो, पालकांनीं पहिला प्रश्न हाच विचारावा: अंगावर आदळण्याचा खेळ कोणत्या वयापासून सुरू होतो? फीचा प्रश्न त्यानंतर.

सरावास येणाऱ्या मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण, तोंडापुढें तारांची जाळी, गळ्याभोंवतीं पट्टा, दातांत रबरी ठोकळा, आणि खांदे, कोंपरें, मांड्या, नडग्या यांवर गाद्या असतात. एवढें चढवावयास प्रथम प्रथम आम्हां तिघांस वीस मिनिटें लागत. जाळीमागून नातवाचे डोळे तेवढे दिसत. आमच्या कुटुंबानें तें ध्यान पाहून म्हटलें, "आतां मात्र दृष्ट लागायची नाहीं!" तेथून घरांतील विरोध निम्मा ओसरला.

साहित्याच्या बाबतींत आपल्या घरांतील एक जुनी संवय मात्र येथें घात करते. वाढत्या अंगाचें मूल म्हणून आपण सदरा, चप्पल, सर्वच एक माप मोठें घेतों. पातीचा बूट तसा घेऊं नये. तो नेहमींच्या बुटाहून साधारण एक माप लहानच लागतो. सरळ उभें राहिल्यास बोटें पुढें जेमतेम टेंकावीं, आणि गुडघे वांकविल्यावर टांच मागें घट्ट बसावी. सैल बुटांत घोटा आंतल्या बाजूस कलतो, आणि मूल घाबरट आहे असा आपण उगाच ग्रह करून घेतों. काठी पातीचे बूट घातल्यावर हनुवटीपर्यंत यावी. लांब काठी घेतल्यास मुलाचा बांक बिघडतो. वर्षा-दोन वर्षांत हें सर्व अपुरें पडतें, म्हणून तिकडे वापरलेलें साहित्य घेण्याचा सर्रास प्रघात आहे व त्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. शिरस्त्राण मात्र तडा गेलेलें, ज्याचा इतिहास ठाऊक नाहीं असें, कधींही घेऊं नये. धाकट्या चिरंजिवांस आम्हीं हाच हिशेब कळविला.

आणि तरीही, काठी ही ह्या शिक्षणांतील शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे पडणें. तालमींतली माती खणून मऊ करतात ती पडणाऱ्यासाठींच. बर्फ कांहीं खणून मऊ होत नाहीं, म्हणून येथें पडणाऱ्यालाच शिकवावें लागतें. मागें पडूं नये. गुडघे वांकवून पुढें अगर बाजूला पडावें. हनुवटी छातीशीं घ्यावी. पडल्यावर पंजे बर्फावर पसरून ठेवूं नयेत, मुठी मिटाव्या, कारण मागून येणाऱ्याची पाती बोटांवरून जावयाची. मग दोन्हीं गुडघ्यांवर यावें, एक पाऊल टेंकावें, त्या गुडघ्यावर हात रोवून उठावें. त्यानंतर बदकाप्रमाणें पावलें टाकणें, मग घसरणें, मग दोन्हीं टांचा बाहेर ढकलून थांबणें. पाती मधोमध खोलगट घांसलेली असते, त्यामुळें तिला दोन धारा होतात. कोणत्या वेळीं कोणत्या धारेवर उभें राहावें, हेंच सारें व्याकरण. व्याकरणाआधीं काव्य शिकविलें तर काय होतें तें आम्हीं चाळीस वर्षें पाहिलें आहे.

ह्या पायरीसाठीं नातवास चार-पांच वर्षांच्या मुलांत उभें राहावें लागलें. पहिल्या दिवशीं तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "आजोबा, मी सगळ्यांत मोठा, आणि सगळ्यांत जास्त मीच पडतो." आम्हीं त्यास आमची गोष्ट सांगितली. पाठशाळेंत रूपावली घोकावयास आम्ही बसलों तेव्हां आमचें वय चौदा, आणि शेजारीं आठ-आठ वर्षांचीं मुलें. लाज आठ दिवस वाटली; विद्या जन्मभर पुरली. त्याला रूपावली काय हें कळलें नाहीं, पण पुढच्या आठवड्यास तो गेला. सहाव्या आठवड्यास पडण्याच्या वेळां मोजण्याचें त्याचें त्यानेंच सोडून दिलें.

पुढें जें घडलें तें लिहावें कीं नाहीं, असा आम्हांस कांहीं काळ विचार पडला. काठी हातीं आली आणि चिरंजिवांचा धीर सुटला. कांचेपलीकडे उभे राहून ते "ऊठ! काठी खालीं! पुढें हो!" असें ओरडूं लागले. मूल चकतीकडे पाहीना. बापाच्या तोंडाकडे पाहूं लागलें. परतीच्या वाटेवर मोटारींत त्या दिवशींच्या चुकांचा पाढा. नातू खिडकीबाहेर पाहत बसे. एका रविवारीं त्यानें पोट दुखतें असें सांगितलें. पोट दुखत नव्हतें, हें शाळामास्तरास सांगावें लागत नाहीं.

रात्रीं आम्हीं चिरंजिवांस एकीकडे घेऊन समजाविलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अण्णा, माझी खो-खो राहून गेली, तशी याची राहूं नये, एवढंच."

त्यावर आम्हांस उत्तर सुचेना. ते नववींत असतांना शाळेच्या खो-खो संघांत त्यांची निवड झाली होती. जिल्ह्याचे सामने परीक्षेच्या तोंडावर आले, आणि आम्हीं परवानगी नाकारली. दुसऱ्यांच्या मुलांस मैदानावर पाठविणाऱ्या मास्तरानें स्वतःच्या मुलास घरीं बसविलें. त्यांनीं तेव्हां एक शब्दही उच्चारला नव्हता. त्या रात्रीं आम्हीं त्यांस सांगितलें कीं तो निर्णय आमचा चुकला. एवढें म्हणावयास आम्हांस पंचवीस वर्षें लागलीं.

दुसऱ्या दिवसापासून घरांत एक नियम झाला. मैदानावर बोलावयाचें तें शिक्षकानें. परतीच्या वाटेवर मुलास प्रश्न एकच: भूक लागली आहे का? पहाटेची पाळी आम्हीं घेतली. पंधरा दिवसांनीं नातू मोटारींत आपण होऊनच बोलूं लागला. फाल्गुनांत आम्ही निघालों तेव्हां त्याच्या नांवावर अजून एकही गोल नव्हता, आणि त्याचें कोणास कांहीं वाटतही नव्हतें.

परत घरीं आलों तों वैशाख; पारा चाळीस अंशांवर. आमची नऊ वर्षांची नात सारा हिवाळा भावाचा खेळ दूरध्वनीवर पाहत होती. तिनें विचारलें, "आजोबा, मला का नाहीं?" आजीनें लागलीच सांगितलें, "मुलींचा का तो खेळ आहे?" ह्याचें उत्तर आमच्याजवळ तयार होतें. 1998 सालापासून स्त्रियांची बर्फावरील हॉकी ऑलिंपिकमध्यें आहे. भारतीय स्त्रियांचा संघ प्रथम 2016 सालीं आंतरराष्ट्रीय सामन्यांस उतरला. त्यांतील बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. ह्याच संघानें 2025 सालीं आशिया चषकांत कांस्यपदक मिळविलें, आणि तें संयुक्त अरब अमिरातींतील अल-ऐन ह्या वाळवंटी शहरांत! वाळवंटांत जर बर्फावर खेळतां येतें, तर उन्हाचें निमित्त आम्हां नगरकरांनीं किती दिवस सांगावें?

अर्थात् आपल्या जिल्ह्यांत बर्फाचें मैदान नाहीं. परंतु महाराष्ट्रांतील जीं मुलें लेह येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत बर्फावरील स्केटिंगचीं पदकें मिळवून आलीं, त्यांचा मार्ग बव्हंशीं चाकांवरूनच गेलेला आहे. एका रांगेंतील चाकांच्या बुटांवर पाय बाजूला रेटण्याची क्रिया बर्फावरल्यासारखीच असते. त्याच बुटांवरील हॉकीही आपल्या देशांत खेळतात. भेद मुख्यतः थांबण्यांत. तें बर्फावर नव्यानें शिकावें लागतें. चाकांचा सराव रहदारीच्या रस्त्यावर कदापि करूं नये. कुंपणांतील सपाट सिमेंटचें अंगण पाहावें, आणि शिरस्त्राण, गुडघे, कोंपरें व मनगटें यांचीं आवरणें घातल्यावांचून मुलास उभें करूं नये. पुढें लेहला नेण्याचा योग आलाच, तर तें स्थळ सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे हें ध्यानांत ठेवावें, आणि पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीस द्यावे.

गेले तीन महिने नात सकाळीं सहास चाकांवर जाते. आम्ही पिशवी घेऊन कट्ट्यावर बसतों. अभ्यास आणि वैराग्य हे दोन शब्द आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां समजावून सांगितले. त्यांची वांटणी कशी करावयाची तें मात्र आतां कळलें. अभ्यास मुलाचा, वैराग्य पालकांचें. काल ती आमच्या डोळ्यांदेखत सपशेल आपटली. आमच्या तोंडांतून शब्द येणार होता, तो आवरला. तिनें मुठी मिटल्या, गुडघ्यावर हात रोवला आणि उठली. घरीं येतांना आम्हीं विचारलें, "भूक लागली का?"