घर आपले, ताबा दुसऱ्याचा : न्यू जर्सीचा कायदा काय सांगतो?

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट भाड्याने दिलेल्या मराठी माणसाच्या मनात अकरा महिन्यांचा करार पक्का बसलेला असतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपली की राहणाऱ्याचा हक्कही संपला, हे त्याचे साधे गणित. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याच्या कलम २४ ने त्याला आधारही दिला आहे. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावे लागते आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. न्यू जर्सीत गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेताना हीच समजूत आपण नकळत सोबत आणतो. अडचणीची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

न्यू जर्सीत १९७४ पासून भाडेकरूंना संरक्षण देणारा ‘अँटी-इव्हिक्शन’ कायदा लागू आहे. त्यानुसार राहत्या घरातील भाडेकरूला काढण्यासाठी कायद्याने मान्य केलेले सबळ कारण लागते आणि कराराची मुदत संपणे हे असे कारण नाही. वर्षाचा करार संपला, मालकाने नवा केला नाही, तरी भाडेकरू नियमित भाडे भरत राहिल्यास त्याचा ताबा कायम राहतो. भाडे थकवणे, ताकीद देऊनही शेजाऱ्यांना उपद्रव देणे, घराची हेतुपुरस्सर नासधूस करणे, सतत उशिरा भाडे देणे ही मान्य कारणांपैकी काही. तीन किंवा त्याहून कमी घरे असलेल्या इमारतीत मालकाला स्वतः राहायला यायचे असेल, तर करार संपल्यावर दोन महिन्यांची नोटीस देऊन ताबा मागता येतो. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याची घरे दोनपेक्षा अधिक नसतील, तर मात्र हा कायदा लागू होत नाही. गुंतवणुकीसाठी घर घेऊन स्वतः दुसरीकडे राहणाऱ्यांना ही सवलत अर्थातच मिळत नाही.

म्हणून ‘याला बाहेर कसे काढू?’ या प्रश्नाच्या आधी ‘कायद्याच्या दृष्टीने हा कोण आहे?’ हा प्रश्न विचारावा लागतो. उत्तरानुसार मार्ग बदलतो.

राहणारा भाडेकरू असेल, तर मार्ग ‘इव्हिक्शन’चा. दावा सुपीरियर कोर्टाच्या ‘स्पेशल सिव्हिल पार्ट’मध्ये, घरमालक-भाडेकरू विभागात दाखल होतो. येथे केवळ ताब्याचा निकाल लागतो. थकलेल्या रकमेसाठी वेगळा दावा करावा लागतो. निकाल मालकाच्या बाजूने लागला, तरी घर रिकामे करण्याचे वॉरंट तीन दिवसांनंतरच निघते. ते बजावल्यावरही भाडेकरूला पुन्हा तीन दिवस मिळतात आणि ताबा घेण्याचे काम न्यायालयाचा अधिकारीच करतो. दावा थकबाकीचा असेल, तर कुलूप लागल्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांतही भाडेकरूने सर्व रक्कम भरल्यास मालकाला ती स्वीकारावी लागते.

राहणाऱ्याशी भाड्याचे नातेच नसेल, तर मार्ग ‘इजेक्टमेंट’चा. काही आठवड्यांसाठी आलेला आणि न हललेला नातेवाईक, भाडेकरू निघून गेल्यावर मागे राहिलेला त्याचा मित्र, रिकाम्या घरात शिरलेला परका माणूस हे सारे या गटात येतात. अशा व्यक्तीकडे मालकीचा किंवा ताब्याचा सकृद्दर्शनी तरी ग्राह्य वाटेल असा दावा नसेल, तर स्पेशल सिव्हिल पार्टमध्येच संक्षिप्त सुनावणी होऊ शकते. तसा दावा असेल, तर प्रकरण वरच्या, अधिक वेळखाऊ विभागात जाते. येथे एक सावधगिरी हवी. भाडेकरार तोंडीही असू शकतो. नको असलेल्या पाहुण्याकडून ‘निदान खर्च तरी निघेल’ म्हणून दरमहा पैसे घेणाऱ्या मालकासमोर तोच पाहुणा उद्या भाडेकरू म्हणून उभा राहू शकतो.

दोन्ही मार्गांना एक नियम समान आहे : राहत्या घराचा ताबा स्वतःच्या हाताने घ्यायचा नाही. कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे, सामान बाहेर काढणे हे बेकायदा असून ताकीद दिल्यानंतरही तसे करणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. भाडे थकवणारा आधीच चुकलेला असतो, हे खरे. पण कुलूप बदलल्याक्षणी मालकही आरोपीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

न्यायालयात जाण्यापूर्वी स्वतःची कागदपत्रे तपासणे अगत्याचे. भाड्याच्या घराची नोंदणी बंधनकारक असून एक-दोन घरांच्या इमारतीची नोंद, मालक तेथे राहत नसल्यास, नगरपालिकेच्या क्लार्ककडे करावी लागते. ती पूर्ण होईपर्यंत ताब्याचा निकाल मिळत नाही. घर एलएलसीच्या नावावर असेल, तर वकील अनिवार्य आहे. तळघरात परवानगीविना खोली काढून भाड्याने दिली असेल आणि त्या कारणाने भाडेकरूला बाहेर पडावे लागले, तर त्याला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम स्थलांतरासाठी द्यावी लागते. मालकाच्या बचतीची सारी बेरीज तेथे उलटते.

बारा वर्षांनी घर राहणाऱ्याचे होते, ही भारतातून आलेली भीती मात्र येथे जशीच्या तशी लागू नाही. भारताच्या १९६३ च्या मुदत कायद्यात खासगी मालकाला ताब्याच्या दाव्यासाठी बारा वर्षे आहेत. न्यू जर्सीत प्रतिकूल ताब्यासाठी सामान्यतः तीस वर्षे लागतात. शिवाय मालकाच्या संमतीने राहणाऱ्याचा ताबा प्रतिकूल ठरत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय खरेदीपूर्वीचा आहे. घर विकले गेले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. बँकेने जप्त केलेल्या घरातील भाडेकरूलाही १९७४ च्या कायद्याचे संरक्षण मिळते, हे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा स्वस्तात मिळणाऱ्या घराची किंमत पाहताना आत कोण राहते, त्याचा करार काय आणि त्याची अनामत रक्कम कोणाकडे आहे, हे सह्या करण्यापूर्वी विचारावे. घर रिकामे हवे असेल, तर तशी अट खरेदीकरारात लिहून घ्यावी आणि व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी स्वतः आत जाऊन पाहावे.