गोधडीच्या चौकटीपासून शोभेची उशी

गोधडी, वाकळ आणि दुपटे शिवण्याची कला आपल्या खेड्यापाड्यांत घरोघरी आहे. जुनी लुगडी, धोतरे आणि शिंप्याकडची कात्रणे जोडून आजी, आई आणि सासूबाई उबदार पांघरूण तयार करीत आल्या. परंतु पूर्ण गोधडी शिवायला पुष्कळ दिवस लागतात. त्यामुळे हौसेने जोडलेल्या दोन-चार चौकटी ट्रंकेत तशाच पडून राहतात. अशा एकाच चौकटीपासून शोभेच्या उशीचा सुबक अभ्रा होतो. घरी तो शोभतोच, शिवाय शेतीची कामे कमी असतात त्या दिवसांत बचत गटातील भगिनींना पूरक उत्पन्नही देऊ शकतो.

मात्र अभ्रा दिसायला सुंदर असून भागत नाही. पहिल्याच धुण्यात रंग उतरला किंवा शिवण उसवली, तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून सजावटीपेक्षा पूर्वतयारीकडे आणि हिशेबाकडे जास्त लक्ष द्यावे.

कापडाची निवड व पारख

१) जुने कापड उजेडासमोर धरून पाहावे आणि उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी हलके ओढावे. धागे विरळ होत असतील तर तो तुकडा वापरू नये.

२) एका चौकटीत शक्यतो सुती कापडच वापरावे. सुती कापड धुतल्यावर आटते, पॉलिएस्टर फारसे आटत नाही. दोन्ही एकत्र शिवल्यास चौकटीला चुण्या पडतात. शंका असल्यास दोन-चार धागे चिमट्यात धरून मोकळ्या जागी जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि कडक मणी तयार होतो.

३) लाल, निळ्या व काळ्या कापडाचा रंग तपासावा. तुकडा पांढऱ्या सुती कापडासोबत साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा. पांढऱ्या कापडाला रंग लागल्यास तो तुकडा बाजूला ठेवावा. मीठ किंवा तुरटी घातल्याने कच्चा रंग पक्का होतोच, असे समजू नये.

४) नवे कापड, विशेषतः मांजरपाट, कापण्यापूर्वी धुवून, वाळवून इस्त्री करावे.

चौकटीची मापे

शोभेच्या उशीसाठी १६ इंच बाय १६ इंच हे माप सोयीचे पडते. त्यासाठी नऊ घरांची चौकट घ्यावी. प्रत्येक तुकडा साडेचार इंच चौरस कापावा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जाते आणि प्रत्येक घर चार इंचांचे उरते. तुकडे कापडाच्या सरळ धाग्यावर कापावेत. उरेब कापलेला तुकडा शिवताना ताणला जातो आणि चौकट वाकडी होते.

हाताने जोडताना इंचाला आठ ते दहा टाके घ्यावेत. प्रत्येक तीन-चार टाक्यांनंतर एक उलटा टाका घातल्यास शिवण उसवत नाही. शिवण इस्त्रीने उघडून दोन्हीकडे पसरू नये, एका बाजूला, शक्यतो गडद कापडाकडे, वळवावी. तसे केल्याने जोडावर ताण कमी येतो.

जोडून झालेली चौकट साडेबारा इंच भरली पाहिजे. ट्रंकेतील जुनी चौकट असेल तर ती चारही बाजूंनी आणि मधोमध मोजावी. अर्धा-पाऊण इंच कमी असल्यास चौकट ओढून पुरी करू नये. पट्टी तेवढी रुंद घ्यावी.

पट्टी, अस्तर व धावदोरा

चौकटीभोवती एकाच रंगाची पट्टी लावल्यास नक्षी उठून दिसते. पट्ट्या सव्वातीन इंच रुंद कापाव्यात. त्यांपैकी दोन साडेबारा इंच लांब घेऊन समोरासमोरच्या बाजूंना शिवाव्यात. मग १८ इंच लांबीच्या दोन पट्ट्या उरलेल्या बाजूंना जोडाव्यात. आता १८ इंच चौरसाचा दर्शनी भाग तयार होतो.

त्याखाली २० इंच चौरसाचे पातळ सुती अस्तर घालावे. जुने मऊ धोतर यासाठी उत्तम. दोन्ही थर सपाट पसरून मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवावेत. नंतर गोधडीला घालतो तसे धावदोरे घालावेत. दोन ओळींत अर्धा ते पाऊण इंच अंतर पुरे. दोरा फार ओढू नये. धावदोऱ्याने कापड थोडे गोळा होते, म्हणूनच माप एक इंच जास्त ठेवले आहे. धावदोरे पूर्ण झाल्यावर नक्षी मधोमध ठेवून दर्शनी भाग १७ इंच बाय १७ इंच कापून घ्यावा. हे काम आधी केल्यास अभ्रा हमखास लहान होतो.

पाठीची बाजू व जोडणी

अभ्रा धुण्यासाठी काढता-घालता आला पाहिजे. त्यासाठी पाकिटासारखी पाठ सोपी पडते. चेन किंवा बटणांचा खर्चही वाचतो.

१) पाठीसाठी १७ इंच बाय १२ इंचांचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकाची १७ इंचांची एक कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवावी.

२) दर्शनी भाग सुलट ठेवून त्यावर पाठीचे दोन्ही तुकडे उलटे ठेवावेत. बाहेरच्या कडा जुळवाव्यात. दुमडलेल्या कडा मधोमध पाच इंच एकमेकींवर येतात.

३) चारही बाजूंनी अर्ध्या इंचावर टीप मारावी. पाठीचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात, तिथे दुहेरी टीप घालावी, कारण उशी आत घालताना सर्वांत जास्त ओढ तिथेच बसते.

४) कोपऱ्यांचे जादा कापड तिरके छाटावे, मात्र टिपेला कात्री लागू देऊ नये. कडा इंटरलॉक करून घ्याव्यात किंवा हाताने काठावरून टाके घालावेत. मग अभ्रा सुलट करावा.

कापूस किंवा सावरी थेट अभ्र्यात भरू नये. वेगळी खोळ शिवून त्यात भरावी. ही आतील उशी १७ इंचांची ठेवल्यास अभ्रा भरीव दिसतो व कोपरे रिकामे राहत नाहीत. काम संपल्यावर सुया व टाचण्या मोजून घ्याव्यात. विकलेल्या उशीत राहिलेली एक सुई लहान मुलाला इजा करू शकते.

किंमत कशी ठरवावी?

बहुतेक भगिनी फक्त कापड-दोऱ्याचा खर्च धरतात आणि स्वतःच्या श्रमाची किंमत धरतच नाहीत. पुढील हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे. समजा साहित्याला १३० रुपये लागले. तुकडे कापणे व जोडणे ५ तास, धावदोरे ३ तास, शिलाई व इस्त्री १ तास, असे एकूण ९ तास झाले. तासाला ५० रुपये मजुरी धरल्यास ४५० रुपये होतात. दोन्ही मिळून ५८० रुपये. प्रवास, गाळ्याचे भाडे व खराब माल यांसाठी १० टक्के, म्हणजे ५८ रुपये धरल्यास किंमत ६३८ रुपये येते.

हीच उशी ३०० रुपयांना दिली, तर साहित्य व इतर खर्च वजा जाता ११२ रुपये उरतात. म्हणजे तासाला साडेबारा रुपयेसुद्धा पडत नाहीत. तेव्हा पहिल्या दोन उश्या शिवताना घड्याळ लावून वेळ लिहून ठेवावा आणि आपल्या गावच्या दराने हिशेब करावा. गिऱ्हाइकाला किंमत जास्त वाटत असेल, तर मजुरी कमी करण्याऐवजी काम कमी करावे. नऊऐवजी चार मोठे तुकडे घ्यावेत किंवा धावदोऱ्यांच्या ओळी विरळ ठेवाव्यात.

प्रत्येक उशीसोबत निगा राखण्याची चिठ्ठी द्यावी: अभ्रा उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा.

गटाने सुरुवातीला पाच-सहा उश्याच कराव्यात. त्यांतील एक विक्रीला न ठेवता घरात वापरावी आणि चार-पाच वेळा धुवून पाहावी. रंग, शिवण व माप टिकले, तरच पुढील माल करावा. शिवणकामाच्या प्रशिक्षणासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान शाखेकडे चौकशी करता येईल.