छोटी लाइन, नऊ मिलीमीटरवर

नागपूरहून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या लाइनच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलीमीटर होते. जुन्या मापात अडीच फूट. या ७६२ ला ८७ ने भागा. उत्तर येते पावणेनऊ मिलीमीटर. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठी हा आकडा म्हणजे घबाडच आहे, कारण ९ मिलीमीटर रुंदीचे रूळ, त्यावर धावणाऱ्या मोटारी आणि चाके जगभर तयार मिळतात. फरक उरतो तो पाव मिलीमीटरचा. विदर्भातली नॅरोगेज जमिनीवरून गेली, पण टेबलावर ती आपल्या खऱ्या मापात पुन्हा धावू शकते. मात्र हे काम एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी क्लब हवा आणि तो नागपुरात हवा, असे मला मनापासून वाटते.

आधी मापाचे गणित नीट समजून घेऊ. या छंदात सर्वांत रुळलेले प्रमाण १:८७. त्याला एचओ म्हणतात. खऱ्या गाडीचे ८७ सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर होतात. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेमार्गांची रुंदी १४३५ मिलीमीटर, म्हणून एचओचे रूळ साडेसोळा मिलीमीटरचे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटरचा. १:८७ ने तो सव्वाएकोणीस मिलीमीटर भरतो आणि त्या मापाचे रूळ बाजारात सहजी मिळत नाहीत. मग भारतीय गाड्या बनवणारे हौशी लोक तडजोड करतात: डबा १:८७ चा आणि खाली रूळ परदेशी मापाचे. अजनी शेडच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाची प्रतिकृती अशा रुळांवर ठेवली की वरून भारदस्त आणि खालून चिंचोळी दिसते. पावणेतीन मिलीमीटरची ही चूक नवख्याला कळत नाही. ज्याने अजनीच्या यार्डात उभे राहून तासन्‌तास गाड्या पाहिल्या आहेत, त्याला मात्र ती पहिल्या नजरेत खुपते.

दुसरी अडचण लांबीची. ब्रॉडगेजचा आयसीएफ डबा सव्वाएकवीस मीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये साधारण २४ सेंटीमीटर. २४ डब्यांची एक्सप्रेस जोडली की ती पावणेसहा मीटरच्या पुढे जाते. फ्लॅटच्या हॉलमध्ये तेवढी भिंतही नसते. शिवाय लांब डब्यांना वळायला मोठी गोलाई लागते. छोट्या लाइनची गाडी मोजक्या लहान डब्यांची, आणि ९ मिलीमीटरचे रूळ वीतभर त्रिज्येतही वळतात. जागा कमी आणि हौस मोठी असणाऱ्यासाठी याहून सोयीचा विषय नाही. एक खोट सांगून ठेवतो. तयार मिळणारे ९ मिलीमीटरचे रूळ मुळात १:१६० प्रमाणातल्या मोठ्या रेल्वेसाठी बनवलेले असतात, त्यामुळे त्यांचे स्लीपर फार बारीक आणि दाटीने बसवलेले दिसतात. ते कापून, अंतर वाढवून पुन्हा बसवावे लागतात किंवा नॅरोगेजसाठीचे खास रूळ मागवावे लागतात.

विदर्भ आणि लगतच्या सातपुड्यात या अडीच फुटी मार्गाचे जाळेच होते. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत लाइन नेली. नैनपूरला जबलपूर, गोंदिया, छिंदवाडा आणि मंडला अशा चार बाजूंनी गाड्या येत. नागपूरच्या इतवारी स्टेशनातून एक फाटा सावनेर, सौंसरवरून भिमालगोंदीचा घाट चढून छिंदवाड्याला जाई, दुसरा उमरेड, भिवापूर करत नागभीडला. पश्चिमेला मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, शिवाय पुलगाव-आर्वी. शकुंतलेचे मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, सत्तर वर्षे, तिला ओढत राहिले. नंतर डिझेल आले आणि मग लाइनच थांबली. जबलपूरकडची आणि छिंदवाड्याकडची नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, नागपूर-नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये.

ब्रॉडगेज यायलाच हवा होता. उमरेडच्या माणसाला नागपूरला पोचायला अर्धा दिवस का लागावा? त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. पण शंभर वर्षे चाललेल्या एका रेल्वेचे कामकाज कसे होते, हे पुढच्या पिढीने कुठे पाहायचे, हा प्रश्न उरतोच.

कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते सुरू झाले. जुनी इंजिने, डबे, सिग्नल, कंदील यांनी ते भरलेले आहे आणि नागपूरकरांनी मुलांना घेऊन तिथे जरूर जावे. पण उभे इंजिन पाहून गाडी कशी चालत असे ते कळत नाही. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला टोकन दिले जाते. पुढच्या स्टेशनाच्या मास्तराने संमती दिल्याशिवाय ते यंत्रातून निघतच नाही. टोकन हाती नसेल तर गाडी हलत नाही. काचेच्या कपाटातले टोकन यंत्र पाहणाऱ्याला हे फलक वाचून समजेल, पण दोन लहानशी स्टेशने, मध्ये एकच रूळ आणि दोन्ही टोकांना दोन गाड्या अशी प्रतिकृती दहा वर्षांच्या मुलाला चालवायला दिली तर पाच मिनिटांत त्याच्या अंगी भिनेल. रेल्वेलाही हे पूर्वीपासून ठाऊक आहे. भुसावळसारख्या तिच्या प्रशिक्षण संस्थांमध्ये स्टेशन मास्तरांना शिकवण्यासाठी मॉडेल रूम असते, तिथे छोट्या रुळांवर आणि छोट्या सिग्नलवर सराव चालतो.

महाराष्ट्रात या छंदाचे ठसठशीत उदाहरण पुण्याचे. कोथरूडमधले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. भाऊसाहेब जोशी यांना छोट्या गाड्यांचे वेड. त्यांनी आधी हलवता येईल अशी मांडणी केली आणि ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत गोरेगावला आणि मग पुण्यात तिचे प्रदर्शन भरवले. लोकांची गर्दी पाहून कायमच्या मांडणीचा विचार पुढे आला आणि ती उभी करण्यात पुढची काही वर्षे गेली. आज तिथे वाफेच्या गाडीपासून वेगवान विजेच्या गाडीपर्यंत अनेक प्रकार एका छोट्या शहरातून धावतात, सिग्नल आपोआप बदलतात, अंधार पडतो आणि शहरातले दिवे लागतात. या संग्रहालयाबद्दल मला अपार आदर आहे. पण तिथले शहर काल्पनिक आहे, धाटणी युरोपीय आहे. गाड्या बाहेरून आणाव्या लागत, तेव्हा ते साहजिकच होते. आपल्याच मातीतली एक लाइन तिच्या स्टेशनांसकट, तिच्या वेळापत्रकासकट उभी करणे ही पुढची पायरी आहे.

ती पायरी जगात क्लबांनी चढून दाखवली आहे. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० साली स्थापन झाला आणि या प्रकारचा जगातला सर्वांत जुना क्लब म्हणून ओळखला जातो. त्याच्या सभासदांनी १९८० च्या दशकात किंग्ज क्रॉस स्टेशनच्या उत्तरेकडच्या भागाची, दोन महायुद्धांमधल्या काळातली, प्रतिकृती करायला घेतली. तिचे नाव कोपनहेगन फील्ड्स. इतक्या वर्षांनंतरही तिच्यावर काम चालू आहे आणि ती प्रदर्शनांतून लोकांसमोर येत राहते. पाडून टाकलेल्या चाळी, गोदामे, गल्ल्या जुन्या नकाशांवरून आणि फोटोंवरून एकेक करून उभ्या केल्या गेल्या. सुरुवात करणाऱ्या पिढीनंतर नवी माणसे आली, म्हणून ते शक्य झाले. एका माणसाचे आयुष्य अशा कामाला पुरत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीतला विद्यार्थ्यांचा क्लब १९४६ चा. तिथल्या एका गटाला डोंगर-झाडांत रस होता आणि दुसऱ्याला टेबलाखालच्या तारांत. टेलिफोन एक्स्चेंजमधले जुने रिले जोडून त्यांनी गाड्यांचे नियंत्रण उभारले. पुढे तीच पोरे विद्यापीठातल्या संगणकांकडे वळली. १९६२ साली पूर्ण झालेला ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरचा सुरुवातीचा गाजलेला खेळ त्यांच्यातल्याच काहींच्या हातून घडला. नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या उदाहरणाकडे गंभीरपणे पाहावे असे मला वाटते. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, लेसर कटिंग, थ्रीडी प्रिंटिंग यांचा एकत्र उपयोग करायला याहून आनंदाचे निमित्त कोणते?

क्लबाची मांडणी एका खोलीत खिळून राहावी लागत नाही, हे फार महत्त्वाचे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात एनट्रॅक नावाची पद्धत रूढ झाली. प्रत्येक सभासदाने घरी साधारण दोन फूट बाय चार फुटांचा एक तुकडा बनवायचा. त्यावर त्याला हवे ते देखावे. बंधन एवढेच की तुकड्याच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर आणि वायर ठरलेल्या जोडणीची. प्रदर्शनाच्या दिवशी सगळे आपापला तुकडा घेऊन येतात, शेजारी शेजारी जोडतात आणि सलग लाइन तयार होते. कोणी उमरेडचे स्टेशन करील, कोणी कुकडीखापाचा धबधबा, कोणी इतवारीचे दोन गेजांचे यार्ड. आपल्याकडे दिवाळीत गल्लीतली मुले माती, वाळू, मोहरी आणि गोणपाट घेऊन किल्ला उभा करतात, तिथे जशी कामे वाटून घेतली जातात तशीच इथेही.

सुतारकामाचा हात असलेला माणूस चौकट बांधतो. कोणी थर्माकोलवर प्लास्टर चढवून डोंगर करतो. कोणी बारीक चाळलेली खडी स्लीपरांमध्ये पसरून तिच्यावर पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडतो; त्यात भांडी घासायच्या द्रावणाचा थेंब टाकायचा, म्हणजे तो खडीत मुरतो. वायरिंग हे निराळेच शास्त्र. जुन्या पद्धतीत रुळांतला वीजदाब वाढवला की गाडी पळते, त्यामुळे एकाच तुकड्यावरच्या दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येत नाहीत. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम असते. प्रत्येक इंजिनात एक लहान डिकोडर आणि त्याचा स्वतःचा क्रमांक. आज्ञा रुळांतूनच जाते आणि ज्याचा क्रमांक असेल तेच इंजिन ती ऐकते.

मांडणी पुरी झाली की खरी मजा सुरू होते ती गाड्या ‘चालवण्याची’. गोल गोल फिरणारी गाडी पंधरा मिनिटांत कंटाळवाणी होते. क्लबांत एक जण नियंत्रक होतो, काही जण स्टेशन मास्तर, बाकीचे ड्रायव्हर. घड्याळ मुद्दाम वेगाने चालवतात, म्हणजे एका संध्याकाळी अख्ख्या दिवसाचे वेळापत्रक उरकते. पॅसेंजरला लूपवर थांबवून मालगाडीला वाट द्यायची, सांधे बदलायचे, टोकन घ्यायचे. सातपुड्याच्या लाइनवर आयुष्य घालवलेले गार्ड, सांधेवाले, ड्रायव्हर आज नागपूर, गोंदिया, नैनपूर, छिंदवाड्यात निवृत्त होऊन बसलेले आहेत. अशा खेळाला त्यांच्याहून मोठे गुरू मिळणार नाहीत, आणि त्यांच्या आठवणी टिपून ठेवायला उशीर होत चालला आहे.

खर्चाचे खरे सांगायला हवे. परदेशी गाड्या महाग आहेत, त्यात खेळण्यांवरची आयात कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर नेली गेली. प्रतिकृती-रेल्वेही खेळण्यांच्याच सदरात मोडते. त्यामुळे सगळे विकत घेऊन हा छंद करणे फार थोड्यांना परवडेल. क्लबाने मोटारीचा सांगाडा आणि रूळ एवढेच बाहेरून आणावे. डबे, स्टेशने, सिग्नल, पूल हे सारे इथेच कापता-छापता येते. बंगाल-नागपूर रेल्वेचे सीसी वर्गाचे इंजिन काय किंवा नंतरचे झेडडीएम डिझेल काय, परदेशी दुकानात तयार मिळण्याची वाट पाहत बसू नये.

म्हणून वाचकांना एक विनंती. चार-सहा जण जमा, एखाद्या शाळेची किंवा महाविद्यालयाची खोली मागा आणि पहिला तुकडा एकाच लहान स्टेशनाचा करा. छोट्या लाइनच्या एखाद्या स्टेशनाची जुनी इमारत अजून उभी असेल तर टेप घेऊन जा. लांबी, रुंदी, उंची, खिडक्या-दारांची मापे घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढा. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. घरात जुने वेळापत्रक, पुठ्ठ्याचे तिकीट, लग्नाच्या वऱ्हाडाचा इतवारी स्टेशनावरचा फोटो असेल, तर रद्दीत देण्याआधी तो स्कॅन करून ठेवा. त्या फोटोच्या मागच्या बाजूला दिसणाऱ्या कौलांचा आणि भिंतीचा उपयोग होणार आहे.