कॅमेरा पळतोय, पण पोटात ढवळतंय!

गॅदरिंगचा ओपनिंग व्हिडीओ बनवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? मग आधी आमची फजिती ऐका. थ्रीडीमध्ये कॉलेजची इमारत, लांबलचक कॉरिडॉर, शेवटी स्टेजवर फेस्टचं नाव आणि या सगळ्यातून सुसाट जाणारा व्हर्च्युअल कॅमेरा, असा प्लॅन होता. लॅपटॉपवर भारी दिसलं. हॉलच्या मोठ्या पडद्यावर मात्र पहिल्या रांगेतून आवाज आला, ‘अरे, मळमळतंय!’

झालं असं की, आम्ही दर सेकंदाला एक अशा कॅमेऱ्याच्या सात की-फ्रेम टाकल्या होत्या. पण दोन की-फ्रेममधलं अंतर कुठे लांबच लांब, कुठे अगदी हातभर. वेळ तेवढाच आणि अंतर कमी-जास्त, म्हणजे कॅमेरा मध्येच धावणार, मध्येच रेंगाळणार. घाटातली एसटी आठवा. रस्ता तोच असतो, पण ड्रायव्हर सारखा ब्रेक मारणारा निघाला की लिंबू हुंगायची वेळ येते!

तेव्हा रस्ता आणि वेग ही दोन कामं वेगळी करा. ब्लेंडर फुकट मिळतं, त्यात करून बघा. आधी कर्व्ह काढून रस्ता आखा. कॅमेऱ्याचं लोकेशन शून्यावर आणा (हे विसरलात तर तो रस्ता सोडून भलतीकडेच तरंगत बसेल). मग त्याला ‘फॉलो पाथ’ कन्स्ट्रेंट द्या, टार्गेट म्हणून तो कर्व्ह निवडा आणि ‘फिक्स्ड पोझिशन’वर टिक करा. आता अख्खा प्रवास एका आकड्यात मावला. ० म्हणजे सुरुवात, १ म्हणजे शेवट. सातच्या जागी दोन की-फ्रेम पुरतात. कुठे हळू, कुठे जोरात, हे ग्राफ एडिटरमध्ये ठरवायचं. रस्त्याला हात लावायचा नाही.

आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर मधल्या की-फ्रेम निवडा, राइट क्लिक करा आणि ‘रोव्ह अक्रॉस टाइम’ म्हणा. पहिली आणि शेवटची जागेवर राहते, मधल्या आपापल्या सरकतात आणि वेग एकसारखा होतो.

वेग जमला की नजर. कॅमेऱ्याला ‘ट्रॅक टू’ने एका एम्प्टीकडे बघायला लावा आणि ती एम्प्टी कॅमेऱ्याच्या थोडी पुढे चालवा. घाटातला मुरलेला ड्रायव्हरही वळण यायच्या आधीच तिकडे बघत असतो ना!

आणि हो, वळणांचा फार सोस नको. चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९७७ची ‘पॉवर्स ऑफ टेन’ ही छोटी फिल्म जरूर बघा. शिकागोतल्या एका पिकनिकवरून कॅमेरा वर उठतो आणि दर दहा सेकंदांनी दहापट लांब जातो, थेट आकाशगंगेच्याही पलीकडे. रस्ता म्हणाल तर एक सरळ रेषा. तरी आपण जागचे हलत नाही, कारण वेगाचा हिशोब पक्का आहे.

मटेरियल, लाइट वगैरे नंतर. आधी करड्या ठोकळ्यांवरच कॅमेरा फिरवून झटपट व्ह्यूपोर्ट रेंडर काढा आणि हॉलच्याच पडद्यावर, पहिल्या रांगेत बसून बघा. प्रोजेक्टरवाल्या काकांना आदल्या दिवशी चहा पाजलात, तर अर्धा तास हॉल नक्की उघडून देतील.