कडेवरचे बाळ, बांधलेले बाळ

दोन वर्षांच्या एका चिमुरडीला घेऊन तिची आजी माझ्या दवाखान्यात आली. "डॉक्टरसाहेब, पोर जरा डुलत चालते. मोठी झाली की सुटेल ना?" तपासले तर डावा पाय आखूड भरला. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नव्हताच, वर सरकला होता. पहिल्या काही महिन्यांत लक्षात आले असते तर पट्ट्यांवर भागले असते. आता शस्त्रक्रिया आणि प्लास्टर अटळ होते.

हा दोष मुलींत जास्त आढळतो, आणि तोही बहुधा डाव्या बाजूला. पहिलटकरणीचे बाळ, पायाळू बाळ आणि ज्यांच्या घराण्यात हा दोष आहे अशी बाळे, यांना धोका अधिक.

जगात मात्र त्याचे प्रमाण सगळीकडे सारखे नाही. उत्तर युरोपातील सामी आणि अमेरिकेतील नावाहो लोकांत तो पूर्वापार फार; आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांत आणि दक्षिण चीनमध्ये क्वचित. यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच, पण बाळ ठेवण्याच्या पद्धतीचाही आहे. नावाहो माता बाळाला फळीवर पाय सरळ करून बांधत. आफ्रिकेतील आई बाळाला पाठीशी बांधते, तेव्हा त्याचे पाय तिच्या कमरेभोवती फाकलेले असतात.

एवढ्याने फरक का पडावा? नवजात बाळाची खुब्याची वाटी उथळ आणि कूर्चेची, म्हणजे मऊ असते. मांड्या दुमडून फाकलेल्या असल्या की गोळा वाटीच्या मध्यभागी बसतो आणि वाटी खोल होत जाते. पाय ओढून सरळ बांधले की तोच गोळा बाहेर ढकलला जातो.

याचा पडताळा जपानमध्ये आला. बाळाचे पाय सरळ ताणून ठेवू नका, अशी देशव्यापी मोहीम तिथे 1975 च्या सुमारास सुरू झाली. पूर्वी हजार बाळांमागे दहाहून अधिक असलेले प्रमाण दोनच्या आसपास आले. लोक तेच होते, सवय तेवढी बदलली.

आपल्याकडे बाळाला कडेवर घ्यायची रीत आहे; मान धरू लागलेल्या बाळाच्या खुब्याला ती उत्तमच. पण सुरुवातीचे महिने आपण काय करतो? मालीश, आंघोळ, धुरी झाली की पाय सरळ व्हावेत म्हणून दुपट्यात घट्ट आवळतो! दुपटे जरूर गुंडाळा, पण कमरेखाली सैल ठेवा. बाळाला गुडघे वर घेता आले पाहिजेत. मालीश करताना पाय ओढू नका.

दुपटे बदलताना पाहा: एक मांडी दुसरीपेक्षा कमी फाकते का? एक गुडघा खाली दिसतो का? मांडीच्या वळ्या असमान असणे एवढ्यावरून घाबरू नये, पण दाखवून घ्यावे. पायाळू बाळाची किंवा घराण्यात दोष असल्यास दीड महिन्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करावी. सहा महिन्यांच्या आत निदान झाले तर बहुतेक बाळांचा सांधा पट्ट्यांनी जागेवर बसतो.

त्या आजींनी नातीला मनोभावे न्हाऊ-माखू घातले होते. दुपटे सैल ठेवा, एवढे त्यांना कोणी सांगितले नव्हते, म्हणून आज तुम्हाला सांगितले.